ढगाआडचा शांतिस्तूप

साशंक : लेहहून परतल्यापासून तुम्ही एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगत आहात, की चांग्स्पाच्या टेकडीवरचा जपानी भिक्षूंनी उभारलेला शांतिस्तूप आणि त्याच्या शेजारचे ते लहानसे मंदिर तुम्ही भर पावसात, ढग पायऱ्यांपर्यंत उतरले असताना पाहिले, आणि निरभ्र आकाशाखाली ते पाहणाऱ्यांपेक्षा तुमच्या पदरात अधिक पडले. तुमच्या अनुभवाच्या सचोटीविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्यातून तुम्ही काढू पाहता त्या सिद्धान्ताविषयी. प्रवासाला निघालेल्या मनुष्याने वेळ आणि पैसा खर्च केलेला असतो, चंडीगडच्या विमानतळावर हवा सुधारण्याची वाट पाहत ताटकळलेला असतो, आणि एवढे सोसून जे पाहायला गेलो ते दिसलेच नाही ही कबुली त्याच्या मनाला इतकी जड जाते, की न दिसणे हेच खरे दर्शन होते असे म्हणण्याकडे तो आपसूक वळतो. दुसरे असे की ही वास्तू दिसावी म्हणूनच बांधलेली आहे. १९८३ साली ग्योम्यो नाकामुरा या भिक्षूने लडाखी लामा कुशोक बकुलांच्या साह्याने काम आरंभले, लडाखी लोकांनी त्यासाठी श्रमदान केले, १९९१ साली दलाई लामांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आणि या साऱ्या खटाटोपासाठी जागा निवडली ती सुमारे ३,६०० मीटर उंचीची, उघडी, झाडझाडोरा नसलेली टेकडी, व रंग दिला तो पांढरा शुभ्र, म्हणजे लेहच्या बाजारात भाजी घेणाऱ्यालाही मान वर करताच शांतीची आठवण व्हावी. ज्या दिवशी ढगाने ही आठवण पुसून टाकली, त्या दिवशी बांधणाऱ्यांचा हेतू विफल झाला असे मी म्हणेन. तुम्ही मात्र त्या विफलतेलाच साफल्य म्हणत आहात.

प्रवासी : बांधणाऱ्यांच्या हेतूविषयी तुम्ही म्हणता ते अर्धे खरे आहे. खालून दिसावे हा एक हेतू; पण वर आलेल्याने काय करावे हा त्याहून जुना प्रश्न आहे, आणि स्तूपापुरते त्याचे उत्तर अडीच हजार वर्षे ठरलेले आहे, ते म्हणजे प्रदक्षिणा. आता निरभ्र दिवशी तिथे काय घडते ते आठवा. मीही त्या टेकडीवर स्वच्छ हवेत पूर्वी गेलो आहे. सुमारे पाचशे पायऱ्या धापा टाकत चढून, किंवा मोटारीने थेट वरपर्यंत येऊन, माणूस चौथऱ्यावर पाऊल ठेवतो आणि तत्काळ स्तूपाकडे पाठ करतो. कारण समोर स्तोकची हिमशिखरे असतात, सिंधूचे खोरे असते, लेहचा राजवाडा आणि त्याच्यावरचा गोंपा असतो, आणि एवढे ऐश्वर्य पसरलेले असताना मागच्या भिंतीवरील कोरीव पट्टांकडे पाहण्याची सवड कुणाला असते? स्तूप तिथे निरीक्षणाचा मनोरा होऊन बसतो. त्या दुर्दिनी मात्र खोरे नव्हते, राजवाडा नव्हता, शिखरे नव्हती. उरला होता फक्त हाताच्या अंतरावर येईल तेवढा स्तूप. खालच्या चौथऱ्यावर धर्मचक्र, दोन बाजूंना मृग आणि मधोमध सोनेरी बुद्धमूर्ती. वरच्या चौथऱ्यावर जन्म, माराचा पराजय आणि महापरिनिर्वाण. एक पट्ट ढगात मिटत होता तेव्हा दुसरा उघडत होता, आणि त्यांचा क्रम डोळ्यांना एकदम न मिळता पायांना मिळत होता. पूर्वी मी तिथे जे केले ते पाहणे होते, प्रदक्षिणा ही मी त्या दिवशी प्रथम केली. आणि मग मंदिरातून तो ढोल ऐकू आला, हातात धरायचा, पंख्यासारखा सपाट, काठीने वाजवायचा, आणि त्याच्या ठोक्यावर ‘नम्यो हो रेंगे क्यो’. मी म्हणतो ते एवढेच, की खराब हवेने माझ्याकडून पाहण्यासारखे पुष्कळ काढून घेतले, आणि जे त्या जागेचे मूळ काम होते तेच तेवढे शिल्लक ठेवले.

साशंक : ध्वनीच जर मूळ काम असेल तर टेकडी कशासाठी? हा मंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या प्रार्थनेत, सपाट काळ्या जमिनीवर, कुडाच्या भिंतींच्या आश्रयाने म्हटला जातो, आणि तिथे तो काही उणा ठरत नाही. चढण, थंडी, विरळ हवा, निसरड्या पायऱ्या यांची भर घातल्यावरच तो तुम्हाला पोहोचत असेल, तर तुमच्यावर परिणाम मंत्राचा झाला की दमछाकीचा, हे तुम्ही कसे ठरवणार? आणखी एक आक्षेप नोंदवून ठेवतो. आपण राहतो त्या चंडीगडमध्येही शांतीचे एक चिन्ह उघड्यावर उभे आहे. वास्तुकार कार्बुझिएने कल्पिलेला तो उघडा हात, जो त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ साली, कॅपिटॉल संकुलात उभा राहिला. तो २६ मीटर उंचीवर वाऱ्याबरोबर फिरतो, आणि म्हणून तो वादळवाऱ्याच्या दिवशी पाहावा असे कुणी म्हटले तर मला ते पटेल, कारण वारा हा त्याच्या रचनेचाच भाग आहे, शिल्पकाराने वाऱ्याला आधीच हिशेबात धरले आहे. स्तूपाच्या रचनेत ढगाला असे स्थान कुठे आहे? ढग तिथे आगंतुक आहे. आगंतुकाने केलेल्या उपकाराचे श्रेय यजमानाला कसे देता येईल?

प्रवासी : उघड्या हाताचा दाखला चांगला आहे, पण तो तुमच्या बाजूने जितका बोलतो तितकाच माझ्याही. त्या हाताजवळ गेलेल्यांपैकी बहुतेकांना तो निवांत हवेत, न हलणारा असाच भेटतो, आणि तो फिरतो हे ते कुणाच्या तरी सांगण्यावरून मानतात. पण टेकडी कशासाठी, हा तुमचा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्राला हा मंत्र वंदन करतो त्याचा उपदेश परंपरेप्रमाणे राजगीरच्या गृध्रकूट टेकडीवर झाला. तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेन याने, एका कोळ्याच्या मुलाने, हिएई पर्वतावरच्या विद्यापीठात अध्ययन करून १२५३ साली आपल्या गावाजवळच्या सेइचो-जी या डोंगरावरच्या मंदिरात उगवत्या सूर्यासमोर या मंत्राचा प्रथम उच्चार केला. आणि तो असेही सांगून गेला, की भारतातून पूर्वेकडे आलेला धर्म एक दिवस पश्चिमेकडे, आपल्या मातृभूमीला परत जाईल. हे शब्द अंगावर पडलेली जबाबदारी आहे असे मानून जपानी भिक्षू निचिदात्सु फुजीई १९३१ साली हिंदुस्थानात आले, १९३३ साली वर्ध्याला गांधींना भेटले, आणि त्यांच्या पंथाचा ढोल आश्रमात वाजू लागला. जपान महायुद्धात उतरल्यावर आश्रमातल्या जपानी भिक्षूला सरकारने ताब्यात घेतले. माणूस गेला, पण प्रार्थनेच्या आरंभी त्याचा मंत्र राहिला, तो आजतागायत. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर याच फुजीईंनी शांतिस्तूपांचा संकल्प सोडला. पहिला १९५४ साली कुमामोतोच्या हानाओका टेकडीवर. मग १९६९ साली राजगीरच्या रत्नागिरीवर, गृध्रकूटाच्या अगदी शेजारी. मग धौलीच्या टेकडीवर, जिथून अशोकाच्या कलिंगयुद्धाची भूमी दिसते. वर्ध्याला मात्र स्तूप सपाटीवरच आहे, हे तुम्ही सांगण्यापूर्वी मीच सांगतो. तेव्हा टेकडी ही अट नाही. टेकडी ही गृध्रकूटाची पुनरावृत्ती आहे, आणि गृध्रकूटावर जाणाऱ्याला ऋतूची निवड करण्याची मुभा कुणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. श्रमाविषयी म्हणाल, तर श्रम आणि मंत्र यांना वेगवेगळे तोलता येत नाही हे मला मान्य आहे. पण तसे वेगवेगळे तोलावे असे ज्यांनी ही परंपरा घडवली त्यांनाही वाटलेले दिसत नाही. त्याच हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे काही भिक्षू सात वर्षांत हजार दिवस डोंगर चालण्याचे व्रत घेतात. हिम असो, पाऊस असो, दुखणे असो, एकदा व्रत घेतल्यावर दिवस चुकवता येत नाही. त्यांच्या दृष्टीने खराब हवा हा व्रतातला व्यत्यय नव्हे. हवेचा विचार व्रतात येतच नाही.

साशंक : याच ठिकाणी मला तुमच्या विवेचनातला सांधा निखळलेला दिसतो. हिएईच्या भिक्षूला व्रत सोडण्याची सवलत नाही. परंपरा अशी, की तो बरोबर दोरी आणि सुरी बाळगतो, कारण व्रत अपुरे राहिले तर परतण्याचा मार्गच राहत नाही. तुमच्या खिशात परतीचे तिकीट होते. तो पावसात चालतो, कारण पावसाशी त्याने आपला जीव बांधून घेतला आहे. तुम्ही पावसात चढलात, कारण त्या दिवशी पाऊस होता. हा भेद केवळ तीव्रतेचा असता तर मी तो काढला नसता. आपल्या वारीचेच पाहा. आषाढी वारीसाठी आळंदीहून आणि देहूहून निघालेला वारकरी भिजतो, त्याचे बिऱ्हाड चिखलात पडते, आणि तरी त्याच्या तोंडून पावसाविषयी तक्रार निघत नाही. उलट पाऊस पडला नाही तरच त्याचा चेहरा उतरतो. ही त्याच्या वैराग्याची खूण आहे असे शहरी माणसे समजतात. मला वाटते, ती त्याच्या शेतीची खूण आहे. पेरणी उरकून तो निघालेला असतो, आणि त्याच्या खांद्यावर पडणारा पाऊस हाच त्याच्या गावच्या शिवारात पडत असतो, किंवा पडावा अशी त्याची विठ्ठलापाशी आर्जवी मागणी असते. तो पाऊस त्याचा आहे. लेहमध्ये तुमच्यावर पडलेला पाऊस कुणाचा होता? वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणारा तो प्रदेश. तिथली जुनी घरे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची, छपरे सपाट, पोपलरच्या वाशांवर झाडोरा आणि माती अंथरलेली. ही रचना थंडीला तोंड देते, बर्फ झाडून टाकता येतो, पण पावसासाठी ती झालेली नाही. २०१० सालच्या ५ ऑगस्टच्या रात्री तिथे ढगफुटी झाली, चोगलमसरसारख्या वस्त्या चिखलाच्या लोंढ्याखाली गेल्या, आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या घरातल्या माणसांनी ती रात्र काढली आहे, त्यांना ऑगस्टातला ढग पाहून काय वाटत असेल? आणि तुम्ही त्या ढगाला ध्यानाचे साधन म्हणता. जिथे हवा ही गरिबाच्या छपरावरची जप्ती आहे, तिथे पाहुण्याने तिच्यात रमावे, हे मला रुचत नाही.

प्रवासी : रमलो असे मी म्हटलेले नाही, पण तुम्ही ठेवलेले बोट दुखऱ्या जागी पडले आहे, म्हणून सावकाश बोलतो. आदल्या रात्री ज्या घरी उतरलो होतो त्या घरची बाई पाऊस वाढल्यावर छपरावर गेली, आणि विजेरीच्या उजेडात कोरडी माती टाकून पायांनी दाबत राहिली. तिच्याबरोबर तिचा सासरा होता, आणि मला त्यांनी खाली बसायला सांगितले, कारण छपरावर आणखी एका माणसाचे वजन नको होते. या वाक्यात माझे तिथले स्थान पुरते आले. मी तिच्या पावसाचा वाटेकरी नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी टेकडीवर मंदिरात बसलो, तेव्हा ढोलाचा ठोका आणि छपरावरच्या पायांचा धप्‌धप् आवाज मला वेगळे काढता आले नाहीत. ऊन असते तर मीही तिची रात्र विसरलो असतो, कारण उन्हाळ्यातल्या लेहमध्ये विसरायला लावणारे पुष्कळ आहे. तुमचा वारकऱ्याचा दाखला मला मान्य आहे, पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो मला भयावह वाटतो. ज्याचे शेत त्याचाच पाऊस, ज्याचे छप्पर त्याचीच ढगफुटी, असे आपण म्हणू लागलो तर परक्या माणसाने परक्या प्रदेशात डोळे आणि कान मिटूनच हिंडले पाहिजे, किंवा हिंडूच नये. आणि मग चंडीगडमध्ये राहून, एकतीस क्रमांकाच्या सेक्टरात आपल्या प्रशासनाने २०१४ साली घडवलेल्या जपानी उद्यानातला पॅगोडा आणि तळी पाहून, फरसबंद वाटेवर संध्याकाळची फेरी मारून, जपान पाहिल्याचे समाधान मानावे. तिथे पाऊस आला तर माणसे मोटारीत जाऊन बसतात. तिथे हवेचा काही अर्थच लागत नाही, कारण त्या जागेने कुणाकडून काही मागितलेले नाही.

साशंक : उद्यानाचा कैवार मी घेणार नाही, पण त्याने निदान शांतीचा दावा केलेला नाही. स्तूपाने केला आहे, आणि म्हणून त्याला अधिक कठोर प्रश्न विचारणे हा त्याचाच मान आहे. तुम्ही निचिरेनचे नाव घेतलेत, तर त्याचाच दाखला द्यायला मला मुभा द्या. १२६० साली त्याने कामाकुराच्या राज्यकर्त्यांपुढे जो प्रबंध सादर केला, रिश्शो आनकोकु रोन, त्याचा आरंभच भूकंप, वादळे, दुष्काळ आणि रोगराई यांनी पडलेल्या प्रेतांच्या वर्णनाने होतो. त्याच्या दृष्टीने खराब हवा ही रसास्वादाची वस्तू नव्हती, आणि एकाकी ध्यानाची संधीही नव्हती. ती राज्याच्या दारावर पडलेली थाप होती. सद्धर्म टाकल्यामुळे हे ओढवले, हा त्याचा कार्यकारणभाव आज आपण स्वीकारणार नाही. पण हवेकडे पाहून त्याला पहिला प्रश्न सुचला तो असा, की यात कोण मेले आणि त्याला जबाबदार कोण. या कठोरपणातूनच नंतर वाईटही निपजले. मांचुरियावरील आक्रमणाचा एक सूत्रधार इशिवारा कांजी हा निचिरेनचाच अनुयायी म्हणवत होता, तेव्हा ढोलाच्या ठोक्याने माणूस कुठे जाईल याची हमी ढोल देत नाही. आता आपल्या शहराकडे या. चंडीगडहून लेहला जाणारी वाट ही आज सहलीची वाट आहे. पण तिची घडण झाली ती लष्कराच्या रसदीसाठी, आणि आजही इथल्या तळावरून उडणारी मालवाहू विमाने हवा पाहूनच उडतात. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी इथून लेहकडे निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान पुढची हवा बिघडल्यामुळे मागे वळले, आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात १०२ माणसे होती. २००३ साली गिर्यारोहकांना चंद्रभागा शिखरांच्या बाजूच्या हिमनदीवर अवशेष सापडले, आणि २०२४ सालीदेखील आणखी चार देह हाती लागले, म्हणजे छपन्न वर्षांनी. तुमच्या स्तूपावरून स्वच्छ दिवशी लेहची धावपट्टी दिसते. स्तूपावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती धावपट्टी दिसलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. छावण्या दिसल्या पाहिजेत, रसदीच्या गाड्यांची रांग दिसली पाहिजे. धौलीचा स्तूप कलिंगाच्या रणभूमीकडे तोंड करून आहे, असे तुम्हीच सांगितलेत. मग लेहचा स्तूप ज्या गोष्टीसमोर शांतीचा शब्द उच्चारतो, तीच ढगाने झाकून टाकली, आणि त्या झाकलेपणात तुम्हाला शांती लाभली, तर ती फार स्वस्तात मिळालेली शांती आहे.

प्रवासी : हा आक्षेप मी इथे येईपर्यंत स्वतःवरही घेतला नव्हता, आणि त्याचे पुरते निवारण माझ्यापाशी नाही. ढगाने माझ्यापुढचे स्तोक झाकले हे मी कौतुकाने सांगत होतो. त्याच ढगाने छावणी झाकली हे माझ्या ध्यानात आले नाही, आणि याचे कारण उघड आहे, की स्वच्छ हवेतही मी तिकडे पाहिले नव्हते. मात्र एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. धावपट्टी दिसत नव्हती, हे खरे. पण त्या दिवशी ती रिकामी होती, हे मला माहीत होते, आणि ते डोळ्यांनी कळलेले नव्हते. त्याच ढगामुळे विमाने उतरत नव्हती. त्याच ढगामुळे मी चंडीगडला खोळंबलो होतो, आणि माझ्याबरोबर रजेवरून परतणारे जवान खोळंबले होते, त्यांतला एक साताऱ्याकडचा, ज्याने माझी मराठी ऐकून माझ्या शेजारी जागा घेतली. त्याच्या बोलण्यात हवेचा उल्लेख निराळ्याच सुरात येत होता. रजेचा एक दिवस वाढला याचा आनंद त्याला नव्हता, कारण तो दिवस घरी नव्हे, विमानतळावर जात होता. आणि पुढे सियाचीनकडे ज्या चौकीवर त्याला जायचे होते तिथला माणूस त्याच्या येण्यावर खाली उतरणार होता. म्हणजे एका ढगाखाली, मैलामैलांच्या अंतरावर, ती छपरावरची बाई, हा जवान, त्याची वाट पाहणारा दुसरा जवान, आणि मंदिरात बसलेला मी, असे सारे होतो. निरभ्र दिवशी प्रत्येकाचा दिवस निराळा असतो. मी हे मान्य करतो, की चौघांवरून एकच ढग गेला म्हणून चौघांचे भोग एक होत नाहीत. माझ्या वाट्याला आला तो सर्वांत हलका. पण स्वच्छ हवेत धावपट्टीकडे पाहणारा तुमचा तो जबाबदार प्रेक्षकदेखील प्रेक्षकच नव्हे काय? त्याला सारे दिसते, आणि म्हणून आपण सारे जाणले असा त्याचा समज होतो. मला काही दिसत नव्हते, आणि ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

साशंक : ऐकण्याने तुम्हाला जवानाची आठवण झाली, ती तुम्ही आधी त्याच्याशी बोलला होतात म्हणून, ढगाने ती निर्माण केली नाही. ज्याला असा जवान भेटला नाही, जो वेळेवर उडालेल्या विमानाने गेला आणि पावसात त्या मंदिरात बसला, त्याच्या कानांवर तोच ढोल पडेल, आणि तो केवळ आपल्याच मनाच्या शांततेत बुडून जाईल. तेव्हा हवा काही शिकवत नाही. जे माणसाने बरोबर नेले असेल तेच ती मोठे करून दाखवते. माझी भूमिका मी आता थोडी बदलून मांडतो. खराब हवेत देवस्थान पाहू नये, असे माझे म्हणणे नाही. पण खराब हवेत ज्याला ते अधिक भावले, त्याच्यावर एक अधिकचे कर्ज चढते : त्या हवेने त्या मुलखात आणखी काय केले, याची चौकशी करण्याचे. निचिरेनने ती चौकशी राज्यकर्त्यांपर्यंत नेली, आणि त्यापायी पुढे त्याला सादो बेटावर हद्दपारी भोगावी लागली, जिथे मोडक्या छपराच्या झोपडीत बर्फ आत येत होते. प्रवाशाकडून एवढी अपेक्षा कुणी करणार नाही. परंतु त्या घरचे छप्पर नंतर गळले की टिकले, हे तुम्ही कळवून घेतलेत काय?

प्रवासी : कळवून घेतले. एका कोपऱ्यातली माती खचली, वासा बदलावा लागला. हल्ली तिकडे पुष्कळ जण पत्रा घालतात तसा त्यांनीही त्या भागावर घातला आहे, आणि हिवाळ्यात तिथे थंडी अधिक वाजते असे त्या घरच्या बाई म्हणाल्या. पण कर्ज म्हणून मी विचारले नव्हते, आणि हे कर्ज आहे असे मानले तर ते फिटल्यावर माणूस मोकळा होईल, ही भीती मला वाटते. तुम्ही म्हणता हवा काही शिकवत नाही. असेल. तरी त्या मंदिरात जो भिक्षू ढोल वाजवत होता तो हवेसाठी थांबला नव्हता, आणि ऐकायला कोणी आहे की नाही हेही त्याने पाहिले नव्हते. निरभ्र दिवशी माणसांची रीघ असताना तो जेवढा वेळ वाजवतो तेवढाच त्या दिवशीही त्याने वाजवला असणार. माझा सिद्धान्त तुम्ही बराचसा मोडून काढलात, पण या गोष्टीला धक्का लागलेला नाही, आणि ती मला खराब हवेतच दिसली, एवढे तरी तुम्हाला मानावे लागेल.

साशंक : ती दिसली हे मानतो. ती केवळ खराब हवेतच दिसू शकते, हे मानत नाही. मी कधी गेलो तर सप्टेंबरच्या अखेरीस जाईन, हवा हमखास स्वच्छ असते तेव्हा, आणि प्रथम धावपट्टीकडे तोंड करून उभा राहीन.

प्रवासी : जरूर जा. मात्र धावपट्टी पाहून झाल्यावर मागे वळून प्रदक्षिणेला लागायला तुम्हाला किती वेळ लागतो, आणि वळावेसे वाटते की नाही, हे परत आल्यावर मला सांगा. कारण स्वच्छ हवेत मला ते जमले नव्हते, आणि तुम्हाला जमले तर माझ्या म्हणण्याचा राहिलेला भागही मला पुन्हा तपासावा लागेल.